स्पीकर फक्त बातम्यांसाठी

मंगळवार, २ जानेवारी

डबडं! लॅपटॉप नाही, डबडं! आवाज शंभरावर नेला तरी मुंगी खोकल्यासारखा. बातम्या लावल्या — तो कोटवाला तोंड हलवतोय, हातवारे करतोय, आणि घरात स्मशानशांतता. शेवटी बंद केला. झाकण जरा जोरातच बसलं. ही आतून ओरडली, "अहो, फोडाल!" फुटू दे.

पोरगी जाताना टाकून गेली तो हा लॅपटॉप. चांगला असता तर घेऊन गेली असती. पण ही त्याला जपते — वरून रुमाल घालते!

गुरुवार, ४ जानेवारी

कानाच्या डॉक्टरणीकडे जाऊन आलो. हौसेने नाही. पोरीने आईला सांगितलं म्हणे — बाबांचे कान दाखवून घे. चार वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण हुकूम मात्र येतात. आधी मीठ बंद झालं, मग डोळे तपासून झाले, आता कान. आणि मी जातो! का जातो? ही कटकट करते म्हणून जातो. दुसरं कारण नाही.

काचेच्या खोक्यात बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. आवाज येईना. कंटाळून अंदाजाने दाबत सुटलो, तर बया खोक्याचं दार उघडून म्हणते, "काका, मी आवाज सोडलाच नव्हता."

मग म्हणाली, जाड आवाज तुम्हाला येतात, बारीक गेलेत. बायकांचे, लहान मुलांचे. कामाला कुठे होतात? म्हटलं, पत्र्याच्या कारखान्यात, प्रेसखात्यात फोरमन. तर म्हणे, "मग बरोबर." बरोबर काय डोंबल! त्या खात्यात कानाने कोणी बोलतच नव्हतं. पत्रा दाबणाऱ्या प्रेस पडायला लागल्या की देवाने हाक मारली तरी ऐकू यायची नाही. आम्ही ओठ वाचायचो, हात वाचायचो. आजही समोरच्याचं तोंड दिसलं की मला कानांची गरज नाही.

कानात यंत्र घाला म्हणाली. साफ नाही म्हटलं. माझे कान ठणठणीत आहेत. लॅपटॉप भिकार आहे.

रविवार, ७ जानेवारी

आज तिचा वार. दर रविवारी सकाळची कामं आटपली की ही केस विंचरते, चांगली साडी नेसते आणि दिवाणावर लॅपटॉप घेऊन बसते. मी खिडकीजवळच्या खुर्चीत, पेपर घेऊन. मला दिसतं ते लॅपटॉपचं झाकण. पाठीमागून. पलीकडे पोरगी आहे. असेल.

ओठ दिसत नाहीत, आवाज तर या डबड्याचा. किणकिण, किणकिण — पत्र्यावर टाचणी घासल्यासारखी. एरवी ही माझ्याशी बोलते ते चार घरांना ऐकू जातं. कॉलवर मात्र कुजबुज! नवऱ्यापासून काय चोरायचंय एवढं?

कॉल संपला की मला बातमीपत्र. आज — "विचारत होती, बाबा सकाळी फिरायला जातात का? गळ्याशी मफलर घेतात का?" मी म्हटलं, "हं." तेवढंच. माझ्याकडून तेवढंच जातं पलीकडे, चार वर्षं.

आणि त्याला कारण आहे. शिकली सवरली, प्रयोगशाळेत नोकरी, आणि लग्न कोणाशी? सभा-समारंभात कर्णे बांधत फिरणाऱ्याशी! "साउंडचं काम करतो, बाबा." भोंगेवाला, म्हण! तिने सही करून लग्न केलं, मी गेलो नाही. ती घरातून निघाली तेव्हा म्हणालो, "तुझा आवाज पुन्हा या घरात नको." म्हणालो होतो आणि बरोबरच म्हणालो होतो.

बुधवार, १० जानेवारी

भोंगेवाल्याचा सल्ला आला! हिने म्हणे परवा तक्रार केली की आवाज कमी येतो. तर जावईबापूंचं प्रवचन — लॅपटॉप गादीवर ठेवू नका, आवाजाची भोकं खालच्या बाजूला असतात, गादी आवाज गिळते. टणक जागेवर ठेवा, जमलं तर थोडा उचलून. आणि एखादा छोटा स्पीकर घ्या, स्वस्तातला चालेल.

मला अक्कल शिकवतोय. ज्याने जन्मभर यंत्रं उघडली त्याला!

ही भाजी आणायला गेली तेव्हा लॅपटॉप पालथा केला. भोकं खालीच होती. मेली, बिस्किटाच्या चुऱ्याने बुजलेली. जुन्या टूथब्रशने साफ केली, टेबलावर दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवला. बातम्या लावल्या. आवाज वाढला. दुप्पट नाही, पण वाढला.

चरफडलो. पट्ट्या माळ्यावर टाकल्या, लॅपटॉप परत दिवाणावर. त्याला श्रेय द्यायला मी बसलेलो नाही.

शुक्रवार, १२ जानेवारी

स्पीकर आणला. माझ्या मनाने आणला, कोणाच्या सल्ल्याने नाही. बातम्या ऐकण्यासाठी. फक्त बातम्यांसाठी.

हिला आनंद व्हायला हवा होता. तर कपाळाला आठ्या! "काय करायचाय तो? मी सांगते ना ती काय म्हणते ते." म्हटलं, तिचा काय संबंध? बातम्या ऐकायच्यात मला! ही म्हणाली, "चार वर्षांत कधी ऐकल्या नाहीत त्या?" आणि भांडी आपटायला लागली. भांडी मला ऐकू येतात. म्हणजे कान ठणठणीत.

रविवार, १४ जानेवारी

भिकार स्पीकर! दोन काळी खोकी, एक वायर लॅपटॉपला, एक वायर एकमेकांना. हिने "नको, नको" म्हटलं तरी मी जोडला. चालू केल्याबरोबर गुंऽऽ — जळक्या मोटरीसारखा घुमायला लागला. त्या घुमण्यातून पोरीचं बोलणं म्हणजे विहिरीतून कोणी हाका मारतंय.

हिने कानावर हात ठेवला आणि वायर उपटली. "डोकं उठलं माझं!" मग परत कुजबुज.

वायर उपटण्याआधी एक शब्द मात्र स्वच्छ आला. कुठला ते इथे लिहीत नाही.

मंगळवार, १६ जानेवारी

दुकानदाराशी जुंपली. हा प्राणी गळ्यात हेडफोन अडकवून बसतो आणि गिऱ्हाइकाकडे न बघता बोलतो. म्हणे, "विकलेला माल परत नाही, काका." म्हटलं, हा माल नाही, हा भुंगा आहे! काउंटरवर जोडून दाखव! जोडला. घुमला. मागच्या दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. मग वरमला.

बदलून दुसरा दिला. वाटीएवढा, गोल, वायर नाही, आत बॅटरी. खिशात घालून कुठेही न्या. म्हणाला, "याचा आवाज जाड आहे, काका. आजोबा लोक हाच नेतात." आजोबा म्हणे! तुझ्या घरी असतील आजोबा!

वाजवून दाखव म्हटलं तर त्याने गाणं लावलं, बुंग बुंग. म्हटलं, गाणं नको, बोलणं लाव. बाईचं. तो गालात हसला. म्हटलं, हसतोस काय? बातम्या बायकासुद्धा देतात!

लावलं. ऐकलं. अक्षर न् अक्षर आलं. तिथेच उभा राहून तिचं सगळं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. कांद्याच्या लागवडीवर होतं.

गुरुवार, १८ जानेवारी

दोन दिवस ही वाटी आणि लॅपटॉप यांची ओळख करून देतोय. लॅपटॉप म्हणतो, सापडत नाही. अरे, तुझ्या नाकासमोर आहे! आज बटण दाबून धरलं, एकदम आतून एक बाई इंग्रजीत बोलली — कनेक्टेड. दचकलोच. आता चालू केला की दर वेळी ही आतली बाई सलामी देते.

आता काही करायला लागत नाही, दोघं एकमेकांना आपोआप ओळखतात. बातम्या ऐकल्या. सगळ्या ऐकू आल्या. एकाही बातमीत दम नव्हता.

रविवार, २१ जानेवारी

कमाल झाली! मी वाटी चार्ज करून, पुसून, टेबलाच्या मधोमध ठेवली. आणि ही आली ती कानात इअरफोन खुपसून! चार वर्षं कपाटात पडलेले इअरफोन आजच सापडले? म्हणे, "तुमच्या पेपरात व्यत्यय नको."

व्यत्यय! पेपर मी उलटा धरला असता तरी हिला पत्ता लागला नसता, एवढी कुजबुजण्यात गुंग. आता तर किणकिणसुद्धा नाही. मुका सिनेमा, आणि तोही पडद्यामागून.

नंतरचं बातमीपत्र — "बाबांनी कानाचं यंत्र घ्यावं असं म्हणत होती." म्हटलं, सांग तिला, तुझ्या भोंगेवाल्याला दे ते यंत्र. ही म्हणाली, "सांगते हं." इतक्या गोड आवाजात म्हणाली की मला संशय आला.

गुरुवार, २५ जानेवारी

रविवारपासून हिच्याशी बोलत नाही. हिच्या अजून लक्षात आलेलं नाही.

रविवार, २८ जानेवारी

अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

ही दिवाणावर, कानात इअरफोन. मी खुर्चीत. वाटी माझ्या बाजूला, खिडकीच्या कट्ट्यावर. किती चार्ज उरलाय बघावा म्हणून बटण दाबलं. खरंच त्यासाठीच दाबलं. आतली बाई म्हणाली, कनेक्टेड. आणि हिच्या कानातला आवाज उडाला तो थेट माझ्या कोपराशी आला. पोरीचा. स्वच्छ. चार वर्षांनी.

ही इअरफोन काढ-घाल करतेय, "हॅलो? हॅलो? गेला वाटतं आवाज." आणि इकडे पोरगी बोलतेय —

"... बाबा म्हणाले होते ना, तसंच केलं मी आई. डॉक्टरांना तोंडावर विचारलं, या वेळीही तसंच होईल का? नाही म्हणाले. तिसरा महिना लागला. पण भीती वाटते गं. मागच्या वेळी बाळ गेलं, दवाखान्यात पडले होते, तेव्हा तू बाबांचा निरोप सांगितलास — एक मशीन बंद पडली म्हणून कारखाना बंद पडत नाही. मी तेच घोकते रोज. बाबा स्वतःहून म्हणाले म्हणूनच मी ..."

आणि मी ओरडलो. सवयीने. प्रेसखात्यात ओरडायचो तसा.

"कोण? मी? मी कधी म्हणालो?"

पलीकडून बारीक आवाज — "बाबा?"

हिने फाडकन झाकण लावलं.

सोमवार, २९ जानेवारी

आज मी विचारलं, सरळ विचारलं, हा काय प्रकार आहे? तर माझ्याकडे न बघता, भांडी घासता घासता सगळं सांगितलं. चार वर्षांचं.

पोरगी पहिलं वर्षभर विचारायची, बाबा काय म्हणतात? ही सांगायची, "हं म्हणतात." मग तिने विचारणं सोडलं. हिला ते सहन झालं नाही. तेव्हापासून ही माझ्या नावाने बोलायला लागली. बाबा म्हणाले, नोकरी सोडू नकोस. बाबा म्हणाले, रात्री उशिरा एकटी येऊ नकोस. आणि इकडे, तिच्या नावाने मला — मीठ सोडा, डोळे दाखवा, कान दाखवा, मफलर घ्या. एकही शब्द तिचा नव्हता! सगळं हिचं!

तीन वर्षं मी अळणी खाल्लं! का, तर पोरीने काळजीने सांगितलं म्हणून! आणि ती म्हणालीच नव्हती! माझ्याच घरात माझा खेळ चालवलाय, दोन्हीकडच्या दोऱ्या हिच्या हातात. रात्री ताटात चिमूटभर मीठ घेतलं. हिने पाहिलं. फार खारट लागलं.

मग मी मुद्द्याचं विचारलं. बाळ गेलं म्हणजे काय? दवाखाना कधी? तू मला म्हणाली होतीस, तिच्या अंगात कणकण आहे!

आता ही वळली. हात साबणाचे. म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, तिचा आवाज या घरात नको? मग तिचं रडणं मी कशी आणणार होते घरात?"

माझं नातवंड येऊन गेलं, आणि मी पेपर वाचत होतो.

बुधवार, ३१ जानेवारी

पोरीचे फोनवर फोन. ही उचलत नाही. आज मेसेज आला, हिने माझ्या डोळ्यांपुढे धरला, नाइलाजाने वाचला. "आई, ते मशीनचं बाबा म्हणाले होते की तू? एवढंच सांग. मला झोप नाही."

ही रडली नाही, भांडली. "काढलीत ना तिच्या पायाखालची जमीन! एका वाक्यावर उभी होती पोर. या दिवसांत! कशाला आणलीत ती वाटी? बातम्यांना?"

म्हटलं, खोटं तू बोललीस! म्हणाली, "हो, बोलले! पुन्हा बोलेन!" म्हटलं, मग सांग तिला की मी म्हणालो. म्हणाली, "आता माझं कशाला खरं मानेल ती? तुमचा आवाज तिने ऐकलाय. आता तुमचंच खरं."

आणि ते वाक्य! मशीन आणि कारखाना! मी असलं काही म्हणेन असं हिला वाटलंच कसं? — दुपारभर डोक्यात घोळत होतं. मग आठवलं. चार नंबरची प्रेस मोडली होती, सगळं खातं तोंड पाडून बसलं होतं, तेव्हा पोरांना हेच म्हणालो होतो. घरी येऊन हिला सांगितलं असणार. हिने ते इतकी वर्षं जपून ठेवलं आणि बरोबर जागी वापरलं. म्हणजे माझंच वाक्य. फक्त पोरीला मी म्हणालो नव्हतो.

राग गेलेला नाही. हिच्यावरचा नाही, भोंगेवाल्यावरचा नाही, कोणावरचाच नाही. पण भोंगेवाला त्या दवाखान्यात तिच्याजवळ होता, आणि मी नव्हतो. हे लिहून ठेवतो.

शनिवार, ३ फेब्रुवारी

माळ्यावरून पट्ट्या काढल्या. टेबलावर ठेवल्या. वाटी चार्जिंगला लावली.

रविवार, ४ फेब्रुवारी

इअरफोन नाहीत. लॅपटॉप टेबलावर, वाटी शेजारी. पोरगी इकडचं तिकडचं काही बोलली नाही. "आई, खरं सांग. कोण म्हणालं होतं?"

ही माझ्याकडे बघत राहिली. मी उठलो, झाकणाच्या पुढच्या बाजूला गेलो. पोरगी वाळली आहे. डोळ्यांखाली काळं झालंय.

म्हणालो, "मीच म्हणालो होतो. परवा तू काय बोललीस ते मला धड कळलंच नाही, म्हणून ओरडलो. कान गेलेत माझे."

ती स्क्रीनच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "मोठ्यानं बोलू का, बाबा?"

"बोल," म्हटलं.